१४. आक्काला बसवण्याचा दिवस

रात्री सिद्धनाथाचं लग्न लागलं, उभं नवरात्र संपलं. म्हसवडात ज्यांनी ज्यांनी उभं राहण्याचा नेम धरला होता ती माणसं बसली, निजलीसुद्धा. धोंडुबाई मात्र सकाळ झाली तरी उभ्याच होत्या.

“आक्का, आता तरी बस की गं,” हंबीरराव दारातून म्हणाले. “देव बी बोहल्यावरनं उतरला.”

“देवाला त्याच्या मानसांनी उतरवला. मला माज्या मानसानं बसवू दे.”

या घराण्याची रीतच तशी होती. ज्याच्यासाठी उभं राहायचं, त्यानंच शेवटी हाताला धरून खाली बसवायचं. पण ज्याच्यासाठी त्या उभ्या होत्या ते मधले भाऊ आप्पासो शेजारच्या खोलीत झोपले होते, आणि त्यांची झोपमोड करायची नाही, असं त्यांच्या सुनेनं, उत्कर्षानं, रात्रीच बजावलं होतं. धोंडुबाईंनी तिचं ऐकलं होतं. त्यांनी उत्कर्षाचं काही ऐकावं, हीच त्या घरात नवलाची गोष्ट होती.

घर हंबीररावांचं, म्हणजे तिघां भावंडांतल्या धाकट्याचं. दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी तुळईला दोर बांधला, दोर हाताला काचू नये म्हणून त्याला जुनं लुगडं गुंडाळलं, आणि आष्ट्याहून आलेली ही सत्तरीची बहीण त्या दोराच्या आधारानं बारा दिवस उभी राहिली. सकाळी गावाला प्रदक्षिणा, परत आली की पुन्हा दोर. जेवण उभ्यानं, डुलकी उभ्यानं. मागणं एकच: माझ्या आप्पाचं काळीज जागेवर राहू दे.

आप्पासो अंघोळ करून, पांढरा पटका बांधून आले. हंबीररावांनी दोराखाली घोंगडं अंथरलं. आप्पासोंनी बहिणीच्या काखेत दोन्ही हात घातले.

“हळू रं,” धोंडुबाई म्हणाल्या. “ह्ये पाय माजं न्हाईत आता. ह्या घराचं दोन खांब हायत. वडलंस तर हंबीराचं माळवद खाली यील.”

सगळी हसली. आप्पासोंनी त्यांना हळूहळू खाली आणलं, पाय पसरून दिले, कोमट पाण्याचं घंगाळ ओढलं आणि ते पाय धुवायला लागले. पाय सुजून तकाकत होते. घोट्याचं हाड कुठं आहे ते हाताला कळत नव्हतं. लहानपणी कोकणाकडे मेंढरं घेऊन जाताना याच पायांच्या मागं मागं आपण चाललो, त्यांच्या टाचांवर नजर ठेवून सगळा घाट उतरलो, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. आणि ते वाकलेले असतानाच छातीत ते झालं.

मेंढरं कोंडलेल्या जाळीत, वाघरात, लांडगा शिरल्यावर कळप जसा एकाच वेळी चारी बाजूंना पळतो, तसं. ओळख पटायला वेळ लागला नाही. वर्षभर त्यांनी हेच भोगलं होतं. याच्याचसाठी गणपती गेल्यावर मिरजेच्या दवाखान्यात त्यांच्या जांघेतल्या शिरेतून बारीक नळी काळजापर्यंत नेली होती, आणि जिथून हे बुजणं सुरू होत होतं त्या जागेभोवती आतून डाग दिले होते. तेव्हापासून काळीज शहाण्यासारखं चाललं होतं. आजपर्यंत.

उठलो तर तोल जाईल हे त्यांना कळलं. म्हणून ते पाय धूतच राहिले.

“आरं, किती धुतोयस?” हंबीरराव म्हणाले. “कातडं सोलून काडतोस का तिचं?”

“धू दे त्याला,” धोंडुबाईंनी भावाच्या पटक्यावर हात ठेवला. “आप्पा, बास. बरा झालास न्हवं? मंग आता रडायचं न्हाई.”

आप्पासोंच्या चेहऱ्यावरून ओघळत होता तो घाम होता. पण त्यांनी मान हलवली.

*

उत्कर्षा पुरणपोळ्या वाढत होती. ती सांगलीच्या शाळेत विज्ञान शिकवायची, आणि लग्नाला दहा वर्षं होऊनही या घरातल्या पंगतीत आपण वाढतो ते कुणीतरी तपासत आहे, असं तिला वाटायचं. या वेळी तर ते खरंच होतं. आप्पांच्या ऑपरेशनची तारीख मिळाली ती म्हाळाच्या पंधरवड्यात. पितरांच्या दिवसांत असलं काही करत नाहीत, असं धोंडुबाईंनी आष्ट्याहून फोनवर सांगितलं, हंबीररावांनी म्हसवडातून सांगितलं. नवरा, राजवर्धन, दोन्हीकडं मान हलवत राहिला. आप्पांच्या बाजूनं बोलायला सासूबाई तर हयात नव्हत्या. शेवटी उत्कर्षानंच ठरवलं. त्या दिवशी दवाखान्यात ती आणि राजवर्धन दोघंच होती. घरातलं तिसरं कुणी आलं नाही.

आणि तरी आज सकाळी ते सुजलेले पाय पाहून तिला गलबलून आलं होतं. एवढं कुणी कुणासाठी करतं? तिच्या माहेरी एकमेकांवर माया होती, पण ती अशी पायावर उभी राहिलेली तिनं पाहिली नव्हती.

आप्पांच्या ताटातली पोळी तशीच होती. कार्तिकातली गार सकाळ, आणि त्यांच्या मानेवर घाम. ते हात धुवायला म्हणून मागच्या दारी गेले. ती तांब्या घेऊन मागोमाग गेली.

“आप्पा, हात द्या.”

“वल्ला हाय बाई.”

“ओलाच द्या.”

तिनं मनगट धरलं. एक ठोका जोरात, मग पुसट काहीतरी, मग रिकामं, मग घाईघाईनं तीन-चार एकमेकांवर पडल्यासारखे.

“कधीपासून?”

“आक्काला बसवली तवापास्नं.”

“आणि गप्प बसलात?”

“कुनाला बोलू, तूच सांग,” आप्पासो हौदाच्या कडेला टेकले. “आक्काला बोललो तर ती फिरून उबी ऱ्हाईल. मरंल ती. तुज्याशी बोललो तर समदी तुज्यावर तुटून पडत्याल. तुमी दोगींनी माज्यापायी लय केलंय गं. मला कुनाचंच केलेलं वाया गेलं म्हनवत न्हाई.”

“गोळी घेतली ना सकाळी? रक्त पातळ ठेवायची?”

आप्पासोंनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि मूठ तिच्यापुढं उघडली. एकादशीच्या आदल्या दिवशी ते म्हसवडात आले, तेव्हापासूनच्या सगळ्या गोळ्या तळहातावर होत्या.

“आप्पा!”

“ती माज्यासमूर उबी. दोराला लोंबकळत डुलक्या काडतीया. तिच्याम्होरं गोळी कशी गिळू? म्हंजी, आक्का, तुज्या पायांवर माजा इस्वास न्हाई, असंच झालं की त्ये.”

उत्कर्षाला रागावता आलं नाही. रागावण्यासारखं ते नव्हतं. एक क्षण तिच्या मनात आलं, की शाळेतून निरोप आलाय म्हणावं, आप्पांना गाडीत घालावं आणि गुपचूप मिरजेला न्यावं. आत्यांचा नवस शाबूत, आपलं ऑपरेशनही शाबूत. कुणाला काही कळायचं नाही.

मग तिनं पुन्हा त्या गोळ्यांकडं पाहिलं. हे गुपचूपपणच तर त्यांच्या जिवावर येणार होतं. आणि घरात आत्यांना अंधारात ठेवलं, तर आप्पा उद्या पुन्हा हेच करतील.

“चला आत,” ती म्हणाली. “मी सांगते.”

*

तिनं सांगितलं तेव्हा पंगत अर्ध्यावर होती. वाटीतलं तूप थिजावं तसं सगळं थांबलं.

“म्हंजी फिरून चालू झालं?” हंबीरराव ताटावरून उठले. “मी काय म्हनत हुतो? म्हाळात कुनी असलं काम करतं व्हय? शिकल्याली मानसं, आमचं कोन ऐकतंय!”

उत्कर्षा मान खाली घालून उभी होती. उत्तर राजवर्धनकडून आलं, आणि त्याच्या आवाजाचं सगळ्यात जास्त आश्चर्य बहुधा त्यालाच वाटलं असावं.

“काका, तारखेला मी बी हो म्हनलो हुतो. सही माजी हाय. बोलायचं आसंल तर मला बोला, तिला एकटीला न्हाई.”

“आरं, बोलतोय कोन—”

“तुमीच बोलताय.”

धोंडुबाई घोंगड्यावर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी दोघांकडंही पाहिलं नाही. त्या आप्पासोंच्या मुठीकडं बघत होत्या.

“ती गोळी कशाची?”

“आत्या, काळीज असं थरथरायला लागलं ना,” उत्कर्षा त्यांच्याजवळ खाली बसली, “की आतलं रक्त नीट हलत नाही. एका कोपऱ्यात साकळतं. त्याची गुठळी होते. ती होऊ नये म्हणून ही गोळी. ऑपरेशन झालं तरी निदान दोन-तीन महिने चुकवायची नाही. कारण ती गुठळी सुटून डोक्यात गेली, तर—”

तिची नजर आप्पांकडं गेली.

“अंगावरनं वारं जातं,” धोंडुबाई म्हणाल्या.

तिघां भावंडांना एकच गोष्ट दिसत होती. कोकणातल्या एका माळावर बाप उभ्या उभ्या कोसळला होता, आणि धोंडुबाईंनी त्याला सामानाच्या घोड्यावर पालथं घालून गावापर्यंत आणलं होतं. लग्न व्हायचं होतं त्यांचं तेव्हा. पुढं कित्येक वर्षं बापाचा एक हात लुळा, वाचा गेलेली. कण्या भरवायच्या त्या, आणि ओठांच्या कोपऱ्यातून सांडलेलं पदरानं टिपायच्या. बापाचंही काळीज असंच बुजायचं का, ते कुणाला माहीत? तेव्हा मनगट धरून बघणारं कोण होतं!

“पोरी,” धोंडुबाई म्हणाल्या, “पानी आन.”

त्यांनी आप्पासोंच्या तळहातावरच्या गोळ्या आपल्या ओंजळीत घेतल्या. “समद्या?”

“नाही आत्या, एकच. मागच्या भरून काढायच्या नसतात.”

“घे. गिळ.”

“आक्का, पर तुजं उबं ऱ्हानं—”

“माज्या पायांचं मी बगीन. मी देवाकडं तुजं काळीज मागितलं. गोळ्या सोड म्हनून कुनी सांगितलं तुला? देवानं? का मी?” त्यांचा आवाज चढला. “आरं खुळ्या, मला इचारलं आसतंस तर दोराला धरून माज्या हातानं भरवली आसती!”

आप्पासोंनी गोळी गिळली. लहान पोरासारखं तोंड उघडून दाखवायचं तेवढं राहिलं.

उत्कर्षानं दवाखान्यात फोन लावला. इकडचं सगळं सांगितलं, गोळ्या चुकल्याचंही. तिकडून सांगणं आलं: ताबडतोब निघा, वाटेत त्यांना काही खायला देऊ नका. राजवर्धन गाडी काढायला गेला. हंबीररावांनी काही न बोलता चार पोळ्या फडक्यात बांधल्या आणि गाठोडं उत्कर्षाच्या हातात दिलं.

“तू बी कुटं जेवलीस,” ते पुटपुटले.

धोंडुबाई भिंतीला धरून उठत होत्या.

“आक्का, तू कुटं?”

“मागल्या टायमाला गेले न्हाई,” त्या म्हणाल्या. “म्हाळ म्हाळ करत आष्ट्यात बसले. आता जाते.”

*

दिघंची मागं पडलं, आटपाडी मागं पडलं. माळावर कुठं कुठं मेंढरं दिसत होती. मागच्या सीटवर आप्पासो डोळे मिटून टेकले होते. धोंडुबाईंनी त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं. उत्कर्षानं धरलं तसंच, बोटं तिथंच ठेवून. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं असं नाही. दावणीला बांधलेलं जनावर आजारी आहे हे हाताला कळतं, तेवढं कळत होतं.

पुढं बसलेल्या सुनेची मान त्यांना दिसत होती. ती दर थोड्या वेळानं वळून बघत होती. आप्पाकडं, आणि मग त्यांच्या पायांकडं. विट्याला गाडी थांबवून तिनं आपली पिशवी त्यांच्या पायांखाली दिली, पाय उंच राहावेत म्हणून. धोंडुबाईंनी पाय त्यावर ठेवले. या पोरीनं मागच्या वेळी एवढा सगळा दिवस दवाखान्याच्या बाकावर कसा काढला असेल? माझ्या भावासाठी. आणि मी फोनवर तिला काय बोलले होते? ते शब्द त्यांना आठवत होते. ते आता परत घेता येत नव्हते.

मिरजेत डॉक्टरांनी आप्पासोंना लगेच आत घेतलं. ईसीजीची पट्टी काढली, पाहिली आणि बाहेर आल्या. मध्यमवयीन, शांत बाई होत्या.

“तेच आहे,” त्या म्हणाल्या. “ठोके फार वेगानं पडताहेत, रक्तदाबही उतरलाय. एक छोटा शॉक दिला तर लय पुन्हा जागेवर येईल. पण गोळ्या चुकल्यात. आत गुठळी असेल आणि आपण शॉक दिला, तर ती सुटू शकते. आधी घशातून नळी घालून आत पाहावं लागेल.”

“आणि गुठळी असली तर?” राजवर्धननं विचारलं.

“मग शॉक आज नाही. काही आठवडे औषधांवर काढायचे. त्या काळात काय होईल, ते मला नक्की सांगता येणार नाही.”

दार बंद झालं. राजवर्धन कागदांच्या खिडकीकडं गेला. दोघी तिथंच राहिल्या.

“आत्या, बसा,” उत्कर्षानं बाक दाखवला.

“मला बसवनारा आत हाय.”

आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. इथं दोर नव्हता. पायांचा रंग बदलला होता, अंगठ्याजवळ कातडी उललेली दिसत होती. येणारे-जाणारे बघत होते. उत्कर्षानं दोनदा सांगून पाहिलं, मग सांगणं सोडलं. ती त्यांच्या शेजारी जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. थोड्या वेळानं धोंडुबाईंचं वजन तिच्या खांद्यावर आलं. तिनं पाय जरा फाकवून ते घेतलं.

“तवा एकलीच हुतीस न्हवं?”

“राज होते की.”

“त्यो असून नसल्यागत. बापावर गेलाय.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “पर आज बोलला.”

“हो. बोलले.” उत्कर्षाला हसू आलं, आणि त्यातच डोळे भरले.

दार उघडलं तेव्हा किती वेळ गेला होता ते दोघींपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. राजवर्धनही परत आला होता.

“गुठळी नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “शॉक दिला. ठोके नीट पडताहेत. अजून गुंगीत आहेत, थोड्या वेळानं भेटा.”

राजवर्धननं भिंतीकडं तोंड केलं. धोंडुबाईंनी मिरजेतूनच म्हसवडच्या दिशेनं हात जोडले, आणि मग, काय वाटलं कोण जाणे, तसेच जोडलेले हात डॉक्टरांकडं वळवले. डॉक्टर संकोचल्या.

उत्कर्षाला मात्र अजून एक विचारायचं होतं. ते विचारताना तिचा आवाज बारीक झाला.

“डॉक्टर, म्हणजे ऑपरेशन फुकट गेलं का?”

“नाही नाही. असं आत्ताच म्हणता यायचं नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत आम्ही निकाल धरतच नाही. आत जे डाग दिलेत ते भरताना सुजतात, आजूबाजूला चिडचिड होते. त्यातून हे पुष्कळांना होतं, आणि त्यातले बरेच जण नंतर चांगले राहतात.” त्या जरा थांबल्या. “पण खोटा धीर देत नाही. ज्यांना असं लवकर येतं, त्यांना पुढंही येण्याची शक्यता थोडी जास्त असते. कदाचित पुन्हा एकदा करावं लागेल. ते आज कळणार नाही. सूज उतरू दे. आणि गोळी एकही चुकवायची नाही.”

“डागलेलं मेंढरू लंगडतंच की,” धोंडुबाई म्हणाल्या. “डाग भरस्तवर त्याच्या पायाकडं बघून काय ठरवायचं नसतं. ह्ये मला ठावं हाय. मानसालाबी तसंच, ह्येच न्हवं?”

“अगदी तसंच,” डॉक्टर म्हणाल्या.

डॉक्टर गेल्या, राजवर्धन हंबीररावांना फोन करायला बाहेर गेला. बाहेरून त्याचा आवाज येत होता, “व्हय काका, ठीक हायत. व्हय. न्हाई, तुमी रडू नका.”

धोंडुबाई अजून उभ्याच होत्या. त्यांनी उत्कर्षापुढं हात केला.

“धर. बसव मला.”

“मी? आत्या, ज्याच्यासाठी उभं राहायचं, त्यानंच बसवायचं ना? आप्पांना शुद्धीवर येऊ द्या.”

“मगाशी त्याचं नाव घेतलं खरं, पर त्याच्यासाठी उबी हुते ती सकाळीच बसले,” धोंडुबाई म्हणाल्या. “आता हितं कुनासाठी उबी हुते म्हनतीस? गुठळी निगाली आसती तर घरात तुला कुनी जगू दिलं नसतं. हंबीरानं न्हाई, आन् मीबी न्हाई. माज्या तोंडाचा मला भरवसा न्हाई पोरी. म्हनून तुज्यासाठी उबी हुते. धर.”

उत्कर्षानं दोन्ही हात त्यांच्या काखेत घातले, आप्पांनी सकाळी घातले होते तसेच, आणि त्यांना हळूच बाकावर टेकवलं. मग ती खाली फरशीवर बसली आणि आपल्या ओढणीच्या टोकानं त्यांच्या अंगठ्याजवळचं उललेलं पुसायला लागली. धोंडुबाईंनी तिला तसं थोडा वेळ करू दिलं. मग गाठोडं सोडलं. पोळ्या गार, चिवट झाल्या होत्या. त्यांनी एक मोडली आणि मोठा तुकडा तिच्यापुढं धरला.

“खा. सूज उतरस्तवर दोगींनी मिळून त्याला सांबाळायचा हाय.”